भिरंडेलाचे मलम

कंपाउंडर म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी वाचून कपाटातले पाकीट काढून देणारा माणूस, अशी माझ्या नातवंडांची समजूत आहे. त्यांचा दोष नाही. त्यांनी जन्मात खल पाहिलेला नाही. आमच्या काळी कपाटात पाकिटे नव्हती, बरण्या होत्या, आणि औषध हे विकत आणण्याइतकेच करण्याची वस्तू होते. मिक्श्चर करायचे, पुड्या बांधायच्या, बाटलीवर किती डोस ते दाखवणारी दातेरी कागदी पट्टी कातरून चिकटवायची. आणि मलम. मलम करणे ही त्यातली सगळ्यांत वरची पायरी, असे मी मानत होतो. अजून मानतो.

शिरोड्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी ऐन उमेदीची वर्षे काढली. डॉक्टर शांत आणि मी तापट, त्यामुळे दवाखाना बरा चालला. दोघेही शांत असतो तर रोगी उठून गेलेच नसते.

मलम म्हणजे काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. मलमात दोन गोष्टी असतात. एक औषध, ते चिमूटभर. दुसरी ते औषध धरून ठेवणारी चरबी किंवा मेण, ती ओंजळभर. लोकांना वाटते, सगळी करामत त्या चिमटीत आहे. पण ओंजळ चुकली तर चिमूट वाया जाते. चरबी फार पातळ झाली की औषध तळाला बसते, आणि फार घट्ट झाली की कातडीवर पसरत नाही. ती काचेच्या फरशीवर सुरीने घोटायची, दाणा उरला नाही असे बोटाला पटेपर्यंत. माझ्या बोटाला सहसा लवकर पटत नसे.

आमच्या गावात कातडीच्या दुखण्यांना तोटा नव्हता. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला समुद्र. मिठागरात काम करणाऱ्यांचे पाय खाऱ्या पाण्याने भेगाळत. मासे कापणाऱ्या बायकांच्या हातांना शेंगाळा माशाचे काटे लागत. रापणीचे जाळे ओढणाऱ्यांचे तळवे काथ्याच्या दोराने सोलून निघत. अशा चिरेत जंतू शिरले की पू, मग पिवळी खपली, खपलीखालून पुन्हा पाणी. आईच्या हाताला झाले की चार दिवसांत मुलाच्या तोंडावर उमटे. जीव जात नसे, पण माणूस कामातून जाई.

शेवंताकाकीचे असेच झाले होते. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षे झाली असतील तेव्हा. शेवंताकाकी समुद्राकाठच्या वेळागर वाडीची. बाजारात वडाच्या पाराजवळची पहिली जागा तिची, तिच्या आधी तिच्या सासूची. मासा हातात घेऊन गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची आणि कोणाला कुठला द्यायचा ते ठरवायची. बाळंतिणीच्या घरी कुठला, जावई आलेल्या घरी कुठला, हे तिला सांगावे लागत नसे. सगळे गाव म्हणे, शेवंतेने निवडलेला मासा कधी खराब निघत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या दोन्ही हातांवर फोड आले. आधी आम्ही जांभळे औषध लावले. ते जंतूंना मारते खरे, पण हात कोपरापर्यंत जांभळे करते. जांभळ्या हातांची मासेवाली बघून गिऱ्हाईक लांबूनच वळले. मग पिवळे औषध दिले. आता हात पिवळे. बाजारात हसू झाले. त्यानंतर साधे पेट्रोलियम जेलीतले मलम दिले, तर ते ओल्या हातावर टिकेना, आणि उन्हात डबीतच तेल होऊन बसे.

मुख्य घाव मास्तरीणबाईंनी घातला. आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या या बायको. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण टापटिपीच्या. त्या पाराजवळ आल्या, काकीच्या हातांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "शेवंते, तू हात लावू नको गो. माझा मी उचलून घेतंय." त्यांनी मासा स्वतः उचलला आणि घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच तसे म्हणू लागल्या. चौथ्या दिवशी त्या सगळ्या पलीकडच्या मासेवालीकडे गेल्या. काकीने टोपली उचलली ती आषाढ सरत आल्यावरच दवाखान्यात टेकवली, रिकामी.

तिने डॉक्टरांना एवढेच विचारले की गणपतीनंतरच्या बाजाराला हात बरे होतील का. हा बाजार काय असतो ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवे. श्रावणात आमच्याकडचे कितीतरी लोक मासे बंद करतात. ते थेट गणपतीचे विसर्जन झाल्यावर सुरू करतात. महिनाभर अळू आणि भोपळा खाऊन कंटाळलेले अख्खे गाव त्या दिवशी सकाळी पिशव्या घेऊन बाजारात उभे असते. त्या दिवशी ज्या जागेवर जी बसली, ती वर्षभर तिची. काकीची जागा रिकामी दिसली असती तर दुसरी बसणार होती, आणि बसलेलीला उठवायची आमच्याकडे रीत नाही. म्हणजे हातांबरोबर सासूपासूनची जागाही जाणार होती.

डॉक्टरांकडे त्या उन्हाळ्यातच पेनिसिलिन येऊ लागले होते. पांढरी भुकटी, छोट्या कुपीत. आम्ही ती कुपी मडक्यात ओल्या वाळूवर ठेवत असू. ही भुकटी मलमात घालायची, असे डॉक्टरांच्या मनात आले. अडचण अशी की तिला पाणी सोसत नाही आणि उष्णता तर अजिबात सोसत नाही. आणि कोकणात या दोन गोष्टींशिवाय तिसरे आहे काय?

मला उत्तर सापडले ते स्वयंपाकघरात. माझी बायको टाचांच्या भेगांना भिरंडेल लावी. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, म्हणायला तेल, पण हातात घेतले तर पांढरट गोळा. बिया कुटून उकळवायच्या, वर येणारे तेल काढून थिजवायचे, मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे करायचे. ऐन मे महिन्यात फळीवरची मेणबत्ती कमरेत वाकली होती आणि शेजारी भिरंडेलाचा गोळा दगडासारखा बसला होता. मी तो उचलला आणि सरळ दवाखान्यात गेलो. बायको मागून काहीतरी म्हणत होती, ते ऐकायला थांबलो नाही. थांबायला हवे होते.

बांद्याच्या बाजारातून चांगले स्वच्छ भिरंडेल मागवले. वितळवले, फडक्यातून तीनदा गाळले, हाताला कोमटही लागू नये इतके निवू दिले आणि मग पेनिसिलिन घालून घोटले. पहिला प्रयोग मिठागरातल्या बाबीच्या पायावर. तो रोज कामावर जाताना दवाखान्यावरून जाई. मी स्वतः तळहातावर मलम घोळवून त्याच्या पायाला चोळी. आठ दिवसांत खपल्या गळल्या, खाली गुलाबी कातडी. बाबीने तो पाय येईल-जाईल त्याला दाखवला. मी हवेत होतो. मलमाला माझे नाव द्यावे की डॉक्टरांचे, यावर मी मनातल्या मनात बराच विचार केला आणि माझेच द्यावे असे ठरवले.

मग आषाढात शेवंताकाकी आली तेव्हा तिला डबी भरून दिली. लोक तेव्हा तपकिरीची रिकामी पत्र्याची डबी घरून घेऊन येत. देताना माझ्या जिभेला हाड राहिले नाही. म्हटले, काकी, मुंबईत मिळणार नाही असे मलम आहे, यात आपले भिरंडेल आहे.

आठ दिवसांनी ती आली. हात तसेच. अजून आठ दिवस, दुसरी डबी. हात जास्तच बिघडलेले. बाबीचा पाय बरा होतो आणि हिचे हात होत नाहीत, याचा अर्थ एकच, ही लावत नाही. रागावलो की मी पुस्तकी मराठीत बोलतो. भरल्या दवाखान्यात, बाकावर दहा माणसे बसलेली असताना, मी तिला म्हणालो, औषध लावायचे नसेल तर येता कशाला, आमचा वेळ मोडता आणि औषधही फुकट घालवता. आणि तिच्या देखत केसपेपरवर लिहिले : "औषध लावत नाही."

ती म्हणाली, "लायलंय मी. दिसाक तीन येळ लायलंय." मग डबी टेबलावर ठेवली. "ह्या तुमचा तुमका." आणि गेली.

डॉक्टरांनी सगळे ऐकले होते. रोगी गेल्यावर मला आत बोलावले. "तिने लावलं नाही, हे तू पाहिलंस?" मी केसपेपर पालथा घातला. "मलम काम करत नसेल, तर करत नाही. त्यात लाज नाही. पण न पाहता लिहिलंस त्यात आहे. उद्यापर्यंत कारण सांग, नाहीतर मलम बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबी घेऊन वेळागरला गेलो. मनातून अजूनही मला वाटत होते की मीच खरा. काकी चुलीपाशी होती. मला पाहून उठली नाही, पण बसायला पाट दिला. मी म्हटले, "काकी, माझ्यासमोर लाव बघू." ती वयाने मोठी, पण मी तिला गावच्या नात्याने अगंतुगं करी. ती मात्र मला कंपौंडर म्हणून तुमी म्हणे.

तिने डबी घेतली. झाकण काढले. चिमट्यात धरली आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवली.

मलम कडेने सुटले, मग पाणी झाले, मग त्यातून बारीक बुडबुडे आणि वास येऊ लागला. तेव्हा तिने डबी उतरवली आणि कोंबडीच्या पिसाने ते सोसेल तेवढे गरम तेल हातांवर फिरवले. दातओठ खाऊन. दिवसातून तीन वेळा, सोळा दिवस, या बाईने स्वतःला हे चटके दिले होते. आणि माझे पेनिसिलिन सोळा दिवस तळले गेले होते. जी भुकटी मी ओल्या वाळूवर निजवत होतो ती.

"काकी, तापवलंस कित्या?" एवढेच माझ्या तोंडून निघाले.

ती माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी काही वेड्यासारखे विचारतोय. "भिरंडेल आसा म्हणान तुमीच सांगलास मा? तापवल्याशिवाय भिरंडेल कोण लायता?"

खरेच कोण लावतो? माझी आई तापवून लावी. माझी बायको रोज माझ्यासमोर चुलीशी धरून लावी. शिरोडा, रेडी, बांदा, कुठल्याही घरात जा, भिरंडेल निखाऱ्याशिवाय लागत नाही, कारण ते दगडासारखे असते. मी याच मातीतला माणूस, भिरंडेल तेवढे उचलले आणि त्याच्याबरोबरची चूल विसरलो. बाबीच्या पायाला लावताना मी पाच-पाच मिनिटे तळहातावर घोळवत होतो, म्हणजे मीही ते मऊच करत होतो, फक्त मला कळत नव्हते.

मला भयंकर शरम वाटली. आणि खोटे कशाला बोलू, त्याच क्षणी आनंदही झाला, कारण मलम नापास झाले नव्हते. मी म्हणालो, "काकी, चूक माझी. तुझी नाय."

तिने हात पुसले. "मगे काल रागान कागदार कायतरी लिवलास, ता खोडा."

तिला अक्षर वाचता येत नव्हते. मी काय लिहिले ते तिला कोणी सांगितले नव्हते. दवाखान्यात परत गेल्यावर मी सर्वांत आधी ती ओळ खोडली आणि खाली लिहिले, "औषध लावते. मलम घट्ट. चूक कंपाउंडरची." डॉक्टरांनी ते वाचून चष्मा पुसला आणि मडक्यातली नवी कुपी माझ्या हातात दिली.

नुसते तापवू नको म्हणून सांगून भागणार नव्हते. न तापवता ते मलम दुखऱ्या हातावर लावायचे म्हणजे खडा घासण्यासारखे. मलमच असे व्हायला हवे होते की बोटाच्या उबेने पसरेल, पण डबीत तेल होणार नाही. मी एरंडेल घालून पाहिले, तिळाचे घालून पाहिले. एक चिकट झाले, दुसरे वाहिले. तीन दिवस हैराण. शेवटी बायकोपुढे बसलो आणि विचारले, घट्ट भिरंडेल मऊ कसे करतात?

"खोबऱ्याचा तेल घालतंत. पोरांच्या ओठांक मी तसाच करतंय. त्या दिवशी तुमी गोळो घेवन धावलास तेव्हा ताच सांगी होतंय."

तर पुढचे काम म्हणजे प्रमाण. चार वाट्या, चार प्रमाणे. प्रत्येक वाटी आधी दुपारच्या उघडिपीत तापलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर, मग थंड पाण्याच्या घागरीजवळ. तेल जास्त झाले की चिऱ्यावर पाघळे, कमी झाले की घागरीजवळ दगड. शेवटी थोडे मधाच्या पोळ्याचे मेण घातले तेव्हा ते दोन्हीकडे शहाण्यासारखे बसले. बोट लावले की विरघळे, आणि ओलसर हातावरून घसरत नसे. ते पहिल्यांदा जमले तेव्हा मी दवाखान्यात एकटाच मोठ्याने हसलो. बाहेर बसलेल्या म्हातारीला वाटले, तिला हसलो. तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

एक शहाणपण मात्र मी डॉक्टरांनाही न विचारता केले. डबी बंद केली. मलम मेणकागदात बांधून द्यायला लागलो, एका दिवसाची एक पुडी. कागद निखाऱ्यावर ठेवता येत नाही. आणि आत काय आहे, ते कोणालाही सांगायचे नाही. विचारले तर औषध आहे म्हणायचे.

गणपतीला वीस दिवस उरले होते. काकीने हात उकळून निववलेल्या पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे, लावायचे, आणि माशाला शिवायचे नाही. तिसऱ्या दिवशी पू थांबला. आठव्या दिवशी डाव्या हाताच्या खपल्या सुटल्या. ती रोज यायची, हात टेबलावर पालथे ठेवायची. आम्ही दोघे त्या हातांकडे बघत बसायचो. चतुर्थीच्या दिवशी सगळे कोरडे झाले होते, फक्त उजव्या अंगठ्याचे नख अजून कडेने ओले होते. मासा अंगठ्यानेच धरतात. डॉक्टर म्हणाले, एवढे ओले असेल तर मी तिला बसू देणार नाही, उगाच पुन्हा पसरेल. आमच्याकडचे गणपती पाच दिवसांचे. त्या पाच दिवसांत मी आरतीला उभा राहून अंगठ्याचाच विचार करत होतो, देवाने क्षमा केली असेल.

पुढे त्या मलमाने काय-काय केले ते सांगत बसलो तर मासिकाचा अख्खा अंक माझ्यानेच भरेल. मिठागरातून, रेडीहून, होडीवरून लोक पुड्या न्यायला येत. पोरांची तोंडे स्वच्छ झाली. पुढे काहींच्या अंगावर पेनिसिलिनने खाज उठू लागली, दोघा-तिघांना बराच त्रास झाला, तेव्हा डॉक्टरांनी ते मलमातून काढले. याची मला खंत आहे. आधी लक्षात यायला हवे होते. नंतर मुंबईहून नवी-नवी औषधे आली, ती आम्ही त्याच भिरंडेलात घातली. साठ सालानंतर तयार ट्यूबा आल्या आणि माझा खल माळ्यावर गेला. त्या मलमाला माझे नाव काही लागले नाही. लोक त्याला पुडीचे मलम म्हणत. पण मी एवढे नक्की म्हणेन की त्या किनाऱ्यावर ते जिंकले, आणि ते मी केले होते, बायकोच्या मदतीने.

विसर्जनाच्या संध्याकाळी काकी दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तिचा अंगठा दिव्याजवळ धरला, दाबला, कापसाने पुसला. कापूस कोरडा निघाला. त्यांनी तो माझ्याकडे दिला, जसे परीक्षेचे प्रगतिपुस्तक द्यावे. मी तो खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. पाराजवळच्या पहिल्या जागेवर शेवंताकाकी बसली होती. समोर बांगडे, सौंदाळे आणि दोन मोठ्या सुरमया. हात मुद्दाम टोपलीच्या कडेवर पसरून ठेवले होते, सगळ्यांना दिसतील असे. गर्दी होती, पण तिच्यासमोर एक मोकळी जागा राहिली होती. बायका येत, थांबत, हातांकडे बघत आणि पुढे सरकत. पलीकडच्या बाईची टोपली अर्धी झाली तरी काकीची भरलेली होती. मला वाटले, आपणच पुढे होऊन घ्यावे. पण कंपाउंडरने घेतलेला मासा म्हणजे पुन्हा औषधच झाले असते, गिऱ्हाईक नव्हे. मी उभा राहिलो.

मग मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या हातात पितळी डबा होता. त्या थांबल्या. सवयीने वाकून सुरमयीकडे हात नेला आणि मधेच थबकल्या. काकीचे हात टोपलीच्या कडेवर होते. बाईंनी ते नीट पाहिले, एक एक बोट, अगदी अंगठ्यापर्यंत. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. काकीने ते मागे घेतले नाहीत.

बाईंनी आपला हात मागे घेतला आणि डबा पुढे केला.

"माका कळणा नाय गो," त्या म्हणाल्या. "तूच निवडून दी."

काकीने बाईंच्या तोंडाकडे पाहिले, पूर्वी पाहायची तसे. मग दोन्ही हातांनी टोपलीतली सगळ्यांत चांगली सुरमय उचलली, अंगठ्याने कल्ला उघडून ताजी असल्याचे दाखवले आणि डब्यात ठेवली. तोवर मागे बायकांची रांग लागली होती. माझी पाळी येईपर्यंत टोपली रिकामी झाली, आणि त्या दिवशी आमच्या घरी पुन्हा अळूच शिजले.